नागद्वार, आत्याचं लिंबू आणि दुपारचा एक

एप्रिलमध्ये आत्या आमच्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिताना म्हणाली, "मले एकदा नागद्वारले घेऊन चाल. हे होते तवा गेली होती. त्याले आता तीस वर्सं होऊन गेली."

आत्या ६८ वर्षांची आहे. रक्तदाबाची गोळी चालू, उजवा गुडघा दुखरा. मी स्वतः नागद्वारला कधीच गेले नव्हते. आमच्या गल्लीतून दरवर्षी कुणी ना कुणी जातं आणि परत आल्यावर घसरलेल्या पायांच्या, चुकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगतं, तेवढंच माहीत. नको म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. ज्यांच्या घरात असं कुणी मागणं मागून बसलंय आणि काय करावं कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नागद्वार म्हणजे नागदेवाच्या गुहांची यात्रा, मध्य प्रदेशात पचमढीजवळ, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात. ही वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आधीचे साधारण दहा दिवस उघडते. २०२५ मध्ये, आम्ही गेलो तेव्हा, ती १९ ते २९ जुलै होती. म्हणजे ऐन पावसाळा. दऱ्या उतरायच्या, नाले ओलांडायचे, पुन्हा चढायचं, मध्येच लोखंडी शिड्या. महाशिवरात्रीला पचमढीच्याच चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण तिथे पायऱ्या आहेत आणि हंगाम कोरडा असतो. तो अनुभव धरून नागद्वारला जाऊ नये.

नागपूरच्या मे महिन्यात डोंगराची तयारी करायची तर पहाटेला पर्याय नाही. ४ मेपासून आम्ही दोघी पाचला सेमिनरी हिल्सवर जायला लागलो आणि साडेसहाच्या आत घरी. त्यानंतरचं ऊन म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर घेऊच नये. पहिल्या आठवड्यात आत्या दीड किलोमीटरवर बसायची. मे संपताना ती सहा किलोमीटर सलग चालत होती. पण सपाटीवर दमसास वाढतो, गुडघ्याचं खरं काय ते उतारावरच कळतं. म्हणून जूनमध्ये दोन रविवारी रामटेकला गेलो आणि गडाच्या पायऱ्या चढून, सावकाश उतरून आलो. २९ जूनला तर पाठीवरच्या बॅगेत चार किलो तांदूळ आणि पायात यात्रेचेच बूट घालून गेलो. दगड ओला असला की तो बूट धरतो की सरकतो हे दुकानात कळत नाही. माझ्या भाच्याचे नवेकोरे बूट तिथे दोनदा सरकले आणि त्याला दुसरे घ्यावे लागले. ते पचमढीत कळलं असतं तर काय केलं असतं?

२० मेला डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी, साखर, हिमोग्लोबिन, सगळं मिळून १,३५० रुपये लागले. ईसीजी ठीक निघाला. हिमोग्लोबिन मात्र कमी, ९.४ निघालं. आत्याला दम लागतो तो वयामुळे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "जुलैत परत तपासा, साडेदहाच्या वर नसेल तर मी हो म्हणणार नाही." ५ जुलैला १०.८ आलं. त्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन आत्या कितीतरी वेळ बसली होती. रक्तदाबाची गोळी चालण्याच्या दिवशी कधी घ्यायची, हेही विचारून घ्या. स्वतःच्या मनानं बंद करू नका. लघवीला जावं लागतं म्हणून पुष्कळ बायका यात्रेत गोळीही टाळतात आणि पाणीही.

विम्याला माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरले की अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वयाची अट १८ ते ७०, वर्ष १ जून ते ३१ मे. दवाखान्याचा खर्च यात मिळत नाही, हे आधीच समजून घ्यावं. आत्याच्या खात्याचं केवायसी जुनं झालेलं, म्हणून बँकेत पहिल्या दिवशी फॉर्मच घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आधार आणि पॅनच्या प्रती दिल्या, तर सर्व्हर बंद. चौथ्या खेपेला, १२ जूनला काम झालं. फॉर्मची पोच मागून घ्या आणि पासबुकात २० रुपये वजा झालेले दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

रजेचंही तसंच. मी सरकारी नोकरीत आहे आणि पचमढी दुसऱ्या राज्यात, म्हणजे किरकोळ रजेसोबत मुख्यालय सोडण्याची परवानगीही हवी. ७ जुलैला दिलेला अर्ज १० ला परत आला, कारण रजेच्या काळातला पत्ता लिहिलेला नव्हता. लॉजचा पत्ता घालून पुन्हा दिला, १४ ला मंजूर झाला. तुम्हीही नोकरीत असाल तर आधी लॉज ठरवा, मग अर्ज लिहा.

मग आला नवसाचा प्रश्न. आत्याला अनवाणी जायचं होतं. यात्रेत पुष्कळ लोक अनवाणी चालतात, त्यांच्या श्रद्धेला माझा हात जोडून नमस्कार आहे. पण ओल्या जंगलात, चिखलाखाली काय आहे ते दिसत नसताना, ६८ व्या वर्षी? मी बोलले तशी ती चिडली. "नवस माहा, पाय माहे." दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. शेवटी भाची बोलली तिच्याशी. ती स्टाफ नर्स आहे. साप चावलेली, पायात काच गेलेली, जखम चिघळलेली माणसं रोज बघते. तिनं हट्ट धरला नाही, फक्त काय काय पाहते ते सांगितलं. आत्यानं मग स्वतःच तोडगा काढला: वाटेत बूट, गुहेजवळचा सपाट भाग अनवाणी. साडीचंही असंच. "देवाजवळ पँट घालून जाऊ काय?" म्हणणारी आत्या शेवटी साडी गुडघ्यापर्यंत खोचून आत ट्रॅकपँट घालायला तयार झाली. सुती लुगडं भिजलं की पायाला चिकटतं, जड होतं आणि पाऊल टाकू देत नाही. रामटेकच्या पावसात तिनं ते स्वतः अनुभवलं होतं, म्हणून पटलं.

सामान नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून घेतलं. आत्याचे बूट १,४५० चे, घोंगडीसारखा अंगावरून घ्यायचा रेनकोट ४५० चा, कपाळावर बांधायचा टॉर्च ३८० चा. टॉर्च हातातला घेऊ नका, दोन्ही हात मोकळे हवेत. छत्री नको, ती गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. बॅगेत सगळं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं. प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड, आणि तो यात्रा संपेपर्यंत उघडायचा नाही असं ठरवलं. त्या जंगलात प्लास्टिकचा कचरा टाकायचा नसतो, त्यामुळे पिशव्या मोजून नेल्या आणि मोजून आणल्या. खायला फुटाणे, गूळ-शेंगदाणे, दशम्या. वाटेत नागपूर-विदर्भातली मंडळं जेवण देतात, मनापासून देतात, पण रांग लांब असते आणि म्हाताऱ्या माणसाला भूक आवरत नाही.

१३ जुलैला, रविवारी, जाणारे नऊही जण आमच्या हॉलमध्ये बसलो. मला वाटतं यात्रेतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस तोच होता. एका कागदावर प्रत्येकाचं वय, रक्तगट, आजार, गोळ्या आणि घरचा फोन लिहिला. त्याच्या चार प्रती काढल्या: एक माझ्याकडे, एक ड्रायव्हरकडे, एक लॉजवर, एक नागपुरात घरी. घरच्यांना सांगून ठेवलं, की जंगलात फोन लागत नाही, रात्री दहापर्यंत फोन आला नाही तरच काळजी करा आणि मग लॉजवर आणि ११२ ला फोन करा.

भाचीनं तासभर शिकवलं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवायचा आणि दवाखान्यात न्यायचं. सूज येण्याआधी बांगड्या, जोडवी, अंगठ्या काढून टाकायच्या. (हे ऐकून आत्यानं जोडवी साबण लावून काढून बघितली, निघतात की नाही ते.) ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात, पुडी पुरावी म्हणून कमीजास्त पाणी घालायचं नाही. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, त्याखाली धूप-अगरबत्ती लावायची नाही. विजेचा गडगडाट ऐकू आला की उघड्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये टाकलं, पण नेटवर्क नसेल तिथे कानच.

आणि एक नियम ठरवला, लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या: दुपारी एक वाजता आपण जिथे असू, तिथून परत फिरायचं. समोर काहीही असो. पुढे माझे मिस्टर, मागे मी, दोघांच्या मधून कुणी बाहेर जायचं नाही. शिट्टी तीनदा वाजली की सगळ्यांनी जागेवर थांबायचं.

२१ जुलैला, सोमवारी पहाटे पाचला निघालो. मुद्दाम सोमवार. शनिवार-रविवार आणि नागपंचमीच्या आधीचे दोन-तीन दिवस गर्दी फार असते. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा रस्ता. भाड्याची क्रूझर होती. गाडीचा मध्य प्रदेशचा परमिट आणि टॅक्स भरल्याची पावती निघण्याआधी डोळ्यांनी बघा, तोंडी "हो ताई, भरलाय" वर जाऊ नका. घाट चढून दुपारी दोनला पचमढी. संध्याकाळी लॉजवाल्याशी बोलून तिसऱ्या रात्रीचंही तोंडी ठरवून ठेवलं, म्हणजे हवामानाचा इशारा ऑरेंजचा आला तर एक दिवस बसून राहता येईल. खोलीचे पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

मंगळवारी साडेपाचला बाहेर पडलो. पुढे स्थानिक जीपनं जायचं, त्या रांगेत पावणेदोन तास गेले. इथे आमची पहिली चूक झाली: चारला उठायला हवं होतं. चालायला लागलो तेव्हा सात-चाळीस झाले होते. धुकं इतकं, की दहा हात पुढचा माणूस नुसता रंग दिसायचा. पण आवाज भरून राहिलेला, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव", पुढून, मागून, दरीतून. आत्याच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं, जे मे महिन्याच्या एकाही पहाटे दिसलं नव्हतं.

उतारावर तिला आडवी पावलं टाकायला लावली, पुढे भाची, मागे मी. बांबूची काठी आधी, मग पाय. शिड्यांवर एका वेळी एक माणूस, दोन हात आणि दोन पायांतले तीन नेहमी टेकलेले. मागचे लोक "चला माय, चला" करत होते. मी त्यांना सरळ सांगितलं, भाऊ, दोन मिनिटं थांबा, म्हातारं माणूस आहे. सगळे थांबले. कुणी रागावलं नाही. मागून ढकलल्यासारखं वाटतं ते बहुतेक आपल्याच मनात असतं.

काजरी गावाच्या पुढे माझा भाचा, वय १९, दिसेना. मंडळाची खिचडी दिसली म्हणून पुढे गेला होता. तीनदा शिट्टी, थांबलो, पुन्हा तीनदा. चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं मला अजून स्वप्नात येतात. फोन लागत नाही, सगळीकडे सारखेच रेनकोट, आणि दरी खाली. सापडला तेव्हा त्याच्या हातात आमच्यासाठी खिचडीचे द्रोण होते. ओरडले त्याला, नंतर रडले. रेनकोटच्या पाठीवर रंगीत पट्टी चिकटवायला हवी होती.

पद्मशेषचं, म्हणजे तिथल्या नागदेवाचं दर्शन झालं. गुहेजवळ आत्यानं बूट काढले, माझ्या हातात दिले आणि अनवाणी आत गेली. चिंतामणीच्या गुहेतून बाहेर आलो तेव्हा घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती. तिथून स्वर्गद्वार ही पुढची गुहा जेमतेम अर्धा किलोमीटर.

आत्यानं कनवटीला एक लिंबू बांधून आणलं होतं, स्वर्गद्वारी वाहायला. नागपुरातून, घरच्या झाडाचं.

"अर्धाच किलोमीटर हाय म्हनते," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. मिस्टरही नाही. भाच्यानं तो सह्यांचा कागद काढायला हात खिशात घातला, मी डोळ्यांनीच त्याला नको म्हटलं. आत्या दगडावर बसली. दहा मिनिटं बसली असेल. मग समोरून जाणाऱ्या एका मुलीला तिनं थांबवलं. वर्ध्याकडची होती. तिच्या हातात लिंबू ठेवलं, "मायासाठी वाहशील?" म्हणाली. मुलीनं लिंबू कपाळाला लावून घेतलं. आत्या उठली आणि खाली बघत चालायला लागली.

दोननंतर पाऊस वाढला. तीनच्या सुमाराला, सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडलेला नाला समोर आला, तेव्हा त्याचा रंग चहासारखा झाला होता आणि पाण्यात काड्या, पानांचे पुंजके वाहत होते. वरच्या अंगाला जास्त पडला की आधी पाणी गढूळ होतं, मग आवाज बदलतो, मग चढतं. अजून गुडघ्याच्या खालीच होतं. लोक हात धरून जात होते, "गुडघाभर तर हाय" म्हणत.

आमचं घर नाग नदीच्या जवळ आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या गल्लीत आधी गुडघाभरच पाणी होतं. त्या गुडघाभर पाण्यानं शेजाऱ्यांची स्कूटर उचलून नेलेली मी गॅलरीतून पाहिली आहे. पाणी किती उंच आहे यापेक्षा किती जोरात आहे, ते त्या पहाटेनं मला शिकवलं. मी शिट्टी वाजवली. आम्ही थांबलो.

काठावर एक कोरकू आदिवासी दादा उभे होते, त्याच भागातले. म्हणाले, "रुक जाओ, बारिश रुकी तो घंटे-डेढ़ घंटे में उतर जाएगा." डोंगरातला नाला जसा झटकन चढतो तसा उतरतोही, फक्त बसून राहायचं धैर्य हवं. काठापासून वर, उंचावर बसलो. अर्ध्या तासात आत्याचे दात वाजायला लागले. उन्हाळ्याला सरावलेलं नागपूरचं शरीर भिजून वाऱ्यात बसलं की फार लवकर गारठतं. तिचा कोरडा जोड तिथेच उघडला. बायकांनी लुगडी धरून आडोसा केला, ओलं सगळं काढून कोरडं घातलं, वरून रेनकोट. थर्मासमधला गोड चहा थोडा-थोडा पाजला, हातात गूळ दिला. "यात्रा संपेपर्यंत उघडायचा नाही" हा नियम आम्ही मोडला आणि तो जोड त्याचसाठी होता हे मला तिथे कळलं. एक तास चाळीस मिनिटांनी नाल्यातले दगड परत दिसायला लागले. बॅगांचे छातीवरचे पट्टे सोडून, म्हणजे पडलोच तर बॅग टाकता यावी, एकेक करून ओलांडला.

जीपजवळ पोचायला सात झाले. शेवटचा पाऊण तास कपाळावरच्या टॉर्चवर. नऊपैकी दोन टॉर्च बंद पडले, कारण सेल दुकानातलेच जुने होते. नवे सेल वेगळे न्या. रात्री पावणेनऊला नागपूरला फोन लागला.

बुधवारी परत आलो, गुरुवारी २४ ला दिव्यांच्या अवसेला आत्यानं घरी दिवे ओवाळले. खर्चाचा हिशोब: गाडी १८,०००, दोन खोल्या दोन रात्री ११,२००, जीप १,८००, जेवण ३,२००, औषधपेटी १,९५०. एकूण ३६,१५०, माणशी ४,०१७ रुपये. बूट-रेनकोट ज्याचे त्याचे.

घरी आल्यावरचं एक काम लोक विसरतात. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसनं किती घरं घाबरली होती ते आठवत असेल. गवतातल्या बारीक किड्यांच्या चावण्यातून होतो तो ताप. म्हणून लॉजवर पोचल्याबरोबर गरम पाण्यानं आंघोळ, कपडे वेगळे बांधून आणले, आणि भाचीनं सगळ्यांच्या काखा-जांघा, कमरेची कडा तो किडा चावल्याच्या काळ्या खपलीसाठी बघायला लावली. पुढचे तीन आठवडे, १२ ऑगस्टपर्यंत, कुणाला ताप आला का, याची मी वहीत नऊ नावं लिहून रोज खूण करत होते. ५ ऑगस्टला आत्याला ताप आला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं आणि आधी हेच सांगितलं, की आम्ही दोन आठवड्यांपूर्वी नागद्वारच्या जंगलात होतो. त्यांनी तपासण्या केल्या, साधा ताप निघाला, तीन दिवसांत उतरला.

तापात पडल्या-पडल्या ती मला एकच विचारत होती, त्या वर्ध्याच्या पोरीनं लिंबू वाहिलं असेल ना. मी म्हटलं, वाहिलं असेल आत्या, कपाळाला लावून घेतलं होतं तिनं.